मारताना काय म्हणाले?

सिस्टर गेल्या त्या सकाळी मी कंपनीच्या गेटवर पहिल्या शिफ्टची हजेरी बघत होतो. चिंचवडहून त्यांच्या मुलीचा फोन आला. "दत्तामामा, आई गेली..." एवढंच ती बोलली. आता सव्वा महिना होईल. अजूनही काही अडलं की हात फोनकडे जातो, नंबर निघतो, आणि मग आठवतं...

महाळुंग्याच्या आमच्या कारखान्यात लीलासिस्टर प्रथमोपचाराची खोली सांभाळायच्या आणि मी टाइम ऑफिस. माझं घर त्याच गावात. एका दुपारी संजय नावाचा वेल्डर कामावर आला तो भुवई फुटलेली, एक डोळा सुजून मिटलेला. लातूरकडचा, अबोल माणूस. गाडीवरून पडलो म्हणाला. सिस्टरांनी जखम धुतली, पाठीवरचे वळ पाहिले आणि मला बोलावून सांगितलं की हे पडल्याचं नाही. हळूहळू कळलं. गावात खोली घेताना त्याला कुणी जात विचारली नव्हती. ती कळली तेव्हा खोली सोड म्हणाले. यानं महिना भरू द्या म्हटलं, तर चौघांनी धरून मारलं. त्यातले दोघे माझ्या भावकीतले.

मी म्हणालो, रजिस्टरला पडला असंच लिहा, बाहेरचं भांडण आहे, कंपनीला काय त्याचं. सिस्टर रागावल्या नाहीत. "दत्ता, हे रजिस्टर माझ्या हातात आहे तोवर त्यात खोटं जायचं नाही," एवढंच म्हणाल्या. मग संजयला त्यांनी विचारलं, "मारताना काय म्हणाले?" ते शब्द त्याच्या तोंडून निघेनात. सिस्टरांनी त्याच्यापुढे कागद आणि पेन ठेवलं, मला दंडाला धरून खिडकीशी नेलं, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे पाठ करून उभे राहिलो. बऱ्याच वेळानं पेन चालल्याचा आवाज आला. ते शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. लिहिलेले पहिल्यांदाच वाचले.

मॅनेजरसाहेबांना कंपनीच्या नावाची काळजी होती. सिस्टरांनी त्यांना समजावलं की माणूस एकटा पोलीस ठाण्यात गेला तर दारातूनच परत येतो; कंपनीचं पत्र आणि कंपनीचा माणूस सोबत असला तर त्याचं ऐकून घेतात. शेवटी पत्र मिळालं, भरपगारी रजा मिळाली. कंपनीचा माणूस म्हणून मी गेलो. ठाण्यात आधी साधी मारामारी म्हणूनच लिहून घेत होते. मी संजयचा कागद पुढे सरकवला, तेव्हा ॲट्रॉसिटीचं कलम लागलं. घरी आलो तर वडील ओसरीवर बसलेले. "आपल्याच मानसांवर उलटलास व्हय रं?" त्यानंतर कित्येक दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. भावकीतल्या लग्नांच्या पत्रिका आजही येत नाहीत. केस अजून चालू आहे. संजय तळवड्याला राहतो, तारखेला न चुकता येतो, आणि मीही जातो.

त्यानंतर सिस्टरांना चैन पडेना. गुरुवारच्या सुट्टीत स्कूटरवर मला मागे बसवून त्या एकेका कंपनीत जायच्या. मार खाऊन आलेल्याला नीट विचारा, तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा, तक्रारीला सोबत जा... मागणं एवढंच. बहुतेक ठिकाणी चहा मिळायचा आणि "आमच्याकडे असलं काही होत नाही" हे उत्तर. "होत नाही, की कुणी विचारलं नाही?" असं त्या अगदी हळू म्हणायच्या. चार कंपन्या तयार झाल्या. मग फोन येऊ लागले. कुणाला बोलीवरून मारलेलं, कुणाला धर्मावरून. निवृत्त झाल्यावरही तक्रारीला सोबत जायला सिस्टर रिक्षा करून यायच्या.

परवा त्या खोलीत गेलो. नव्या सिस्टर जेवायला गेल्या होत्या. कोपऱ्यात लीलासिस्टरांचं बुटकं स्टूल तसंच आहे. समोरच्याला खुर्ची देऊन त्या स्वतः त्यावर बसायच्या. मी बसून पाहिलं. तिथे बसलं की समोरच्या माणसाकडे मान वर करूनच बघावं लागतं. खुर्ची रिकामी होती. तरी मी बराच वेळ तसाच बघत राहिलो...