मेलेल्या माणसाची तीन वाक्यं

शिंपीकाकांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे अंगाबरोबर बसवले, पण स्वतः स्वस्थ बसणं त्यांना कधी जमलं नाही. दुकान मुलाच्या हवाली केलं आणि ते वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या नाटकमंडळीत घुसले. निम्मे कलाकार शाळकरी, निम्मे पेन्शनीतले. दिग्दर्शिका सोळा वर्षांची. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून तिचं नावच शिट्टी.

तिने काकांना प्रेताचं काम दिलं. "नुसतं पडायचं, काका." तालमीत प्रेत एकदा खोकलं, एकदा घोरलं आणि एकदा डास मारायला उठून बसलं.

प्रयोगाआधी शिट्टीने निर्वाणीचं सांगितलं, "आज हलला नाहीत, तर पुढच्या नाटकात तुम्हाला तीन वाक्यं. हललात, तर झाड."

"अगं, झाडही हलतं!"

"माझं नाही हलत."

तीन वाक्यं! काकांनी लगेच सुनेला फोन करून सांगूनही टाकलं.

पडदा उघडला. काका चादरीखाली हनुवटीपर्यंत मेलेले. शेजारी शिट्टी, नाटकातली त्यांची विधवा, काळ्या झग्यात हंबरडा फोडत होती. काकांनी एक डोळा किलकिला केला. झग्याची दुमड हातभर उसवली होती! पोरगी उठणार, पाय अडकणार, तोंडावर आपटणार, पुढचे दोन्ही दात जाणार...

चुलीत गेली ती तीन वाक्यं. काकांच्या कॉलरमध्ये दोरा ओवलेली सुई कायम असायचीच. प्रेताचा हात हळूच तिकडे गेला. डोळे मिटून, अंदाजानेच, काका टाके घालू लागले. पहिल्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

शिट्टी रडता रडता दात-ओठ खात पुटपुटली, "काका, तुम्ही मेलायत ना?"

"झालंच."

ती उठली. तिच्यामागे चादरही उठली आणि काकांचा घरचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा जगाला दिसला.

"थांब, चादरही शिवली गेली!" प्रेत ओरडलं. "कात्री आहे का कुणाकडे?"

तिसऱ्या रांगेतून नेलकटर आलं.

शिट्टीने कपाळावर हात मारला. "बघा हो! मेले तरी यांना मला सोडवत नाही!" सभागृह हसून लोळलं. टाळ्या थांबेनात.

पडदा पडल्यावर काका मान खाली घालून उभे. शिट्टीने बोटं मोजली. "झालंच, एक. चादर, दोन. कात्री, तीन. तुमची वाक्यं आजच बोलून संपली, काका."

"म्हणजे झाड?"

"झाड."

लेंग्याच्या खिशातून मापाची टेप काढत काकांनी विचारलं, "झाडाला खिसे ठेवले तर चालतील?"