कडेची आकाशगंगा

भूमच्या आमच्या शाळेचे हेडमास्तर कुठल्याशा मासिकातून खगोलशास्त्र वाचत आणि कुणी अडचण सांगितली की ते बाहेर काढत. त्याआधी उपरणं झटकत. "कन्या राशीत हजारो आकाशगंगांचा थवा आहे. त्या सगळ्या पसाऱ्याच्या पार कडेला आपली आकाशगंगा. मग तुमचं दुखणं ते केवढं?" कुणाची विहीर आटो, कुणाचा पगार लांबो, सगळ्यांना तो एकच थवा पुरे.

गॅदरिंगच्या दिवशी दुपारी शाळेचा शिपाई त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "सायेब, बायकूचा ताप उतरंना. आताच्या एस्टीनं बार्शीच्या दवाखान्यात न्यावं म्हनतो."

उपरणं झटकलं गेलं. थवा आला, कडेची आकाशगंगाही आली. शिपायानं सगळं ऐकून घेतलं.

"मग जाऊ का, सायेब?"

"अन् संध्याकाळी स्टेजवर माझी खुर्ची कोण मांडणार?"

"मी मांडतो," मी म्हणालो.

रजा तत्काळ मिळाली. शिपाई घराकडे पळाला. मीही निघालो, तर हेडमास्तरांनी मागून हाक मारली.

"मधोमध मांडा हं, गुरुजी. गेल्या साली पार कडेला गेली होती."