करंगळीवरची रेघ

वस्तीत तिला सगळे ‘थेंबवाली’ म्हणायचे. खांद्याला बर्फाची पेटी आणि पायाला भिंगरी. पोलिओचे थेंब पाजत दारोदार फिरायचं, हाच जन्म. कोणी तोंडावर दार आपटायचं, कोणी अंगावर कुत्रं सोडायचं. या थेंबांनी पोरं पुढे वांझ होतात म्हणे! थेंबवाली चिडायची नाही. उंबऱ्यावर बसकण मारायची, समोरच्या आईची भीती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आणि मग हुकमाचं पान टाकायची, की माझ्या नातवाला आधी पाजलंय, मग तुमच्या दारात आलेय. शिंप्याची बायको महाहट्टी, पण तीही याच वाक्याला विरघळली आणि तिने मुलगी पुढे केली. थेंब जिभेवर पडले की थेंबवाली मुलाच्या करंगळीच्या नखावर शाईची रेघ ओढायची. रेघ दिसली की त्या मुलाबद्दल पुन्हा विचारायचं नाही, अशी कामाची रीतच होती.

घरी सुनेला मात्र ती फर्मान सोडायची, आज पोराला केंद्रावर ने, आणि बाहेर पडायची. संध्याकाळी दमूनभागून आली की नातवाची करंगळी बघायची. रेघ असायचीच. मग स्वारी खूश.

एका तापात नातवाचा पाय लुळा पडला. डॉक्टरांनी थेंबांचं विचारलं, तेव्हा थेंबवालीने मोठ्या तोऱ्यात सांगितलं, दर फेरीला पाजलेत. सून भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“एकदाही नाही,” ती म्हणाली. “रेघ मीच ओढायचे. तुमच्या पिशवीतून काढून ठेवलेल्या पेनाने.”

थेंबवालीचा हात उठला आणि हवेतच राहिला. सुनेचा धाकटा भाऊ लहानपणी लसीची सुई टोचल्यावर दोन दिवसांत तापाने गेला होता. सुईने गेला की आणखी कशाने, देव जाणे, पण हिच्या पोटात भीती बसली ती बसलीच. सासरी कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

“शिंप्याच्या बायकोपाशी दुपारभर बसलात, आई. मला एकदा तरी विचारलंत, का घाबरतेस म्हणून?”



वस्तीत बोभाटा झाला. शिंप्याच्या बायकोने वाट अडवून जाब विचारला, की पाजलं होतं ना, मग पाय कसा गेला? गप्प बसावं तर औषध खोटं ठरत होतं. थेंबवालीने भर गल्लीत सांगून टाकलं, की औषध खरं आहे, खोटी मी आहे.

पुढच्या फेरीला सून पोराला कडेवर घेऊन तिच्यामागे निघाली. नको म्हटलं तरी ऐकेना. आता कोणी दार आपटत नाही. लोक तो लोंबणारा पाय बघतात आणि मुकाट्याने आपली मुलं पुढे करतात. इतकी वर्षं घसा फोडून जे जमलं नाही, ते असं जमलं. जळो ते जमणं.

शिंप्याची मुलगी पळत येते, थेंब पिते, करंगळी पुढे करते. थेंबवाली रेघ ओढते. मग आईच्या कडेवरून नातूही आपली करंगळी पुढे करतो. त्याला ती शाई फार आवडते.