न सांगता गेलेली ताई

आई वीटभट्टीवर विटा थापायची. भट्टी बदलली की माझी आणि धाकट्या सुमीची शाळाही बदलायची, त्यामुळे धड वाचता दोघींनाही येत नव्हतं. एका वर्षी दर शनिवारी कॉलेजची एक ताई आम्हाला शिकवायला येऊ लागली आणि फेब्रुवारीत अचानक यायची थांबली. तिची परीक्षा होती, पण हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. सुमी म्हणाली, "मला जोडाक्षरं येईनात, म्हणून गेली ती." तिने पाटी ठेवली ती कायमचीच.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, हे मी ताठ मानेने सांगते. सुमी आजही विटा थापते, हे सांगताना मात्र आवाज खाली जातो.

आता मी कॉलेजात शिकवते. मागे एका शनिवारी आमच्या कॉलेजची मुलं पालिकेच्या शाळेत शिकवून परतताना दिसली. परीक्षा जवळ आलेली.

"महिनाभर येणार नाही, हे पोरांना सांगितलंत का रे?"

"नाही मॅडम. उगाच रडतील."

"रडू देत की! पण सांगा."

निरोप घेतला की मूल दुखावतं, असं आपल्याला वाटतं. पण न सांगता गेलेल्या माणसाचं कारण मूल स्वतःतच शोधतं, आणि त्याला ते सापडतंही.

मुलं मागे फिरली, सांगून आली. परीक्षेच्या महिन्यातल्या चारही शनिवारी त्या पोरांना मी शिकवलं. वर्गातली एकवीसच्या एकवीस पोरं अजून येतात.