खाओतानचा झगा

लांपांगच्या घोडागाडीवाल्यांत ताखामकाकाइतका गोड थापाड्या दुसरा नव्हता. शहरही त्याच्या थापांना सोयीचं. दुपारी कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपतात आणि गाड्या त्यांना वळसा घालून जातात, म्हणजे कुणालाच कसली घाई नाही. पाहुणा गाडीत रेलतो, नदीकाठची लाकडी घरं बघतो आणि पांढऱ्या पुलापाशी आला की हमखास विचारतो, "काका, मुलंबाळं काय तुम्हाला?"

मग काय, काकाला तेवढंच हवं असायचं. एक मुलगा आहे, सेंग. दक्षिणेला समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात असतो. आधी भांडी विसळायचा, मग स्वयंपाकी झाला, मग मुख्य स्वयंपाकी. एका वर्षी काकाने त्याचं लग्न उरकलं, पुढच्या वर्षी त्याला मुलगी झाली. पाहुणा पडताळा घ्यायला परत थोडाच येतो!

खरं काय ते घोडागाड्यांच्या तळावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. सेंग नऊ वर्षांपूर्वी मासेमारीच्या बोटीवर कामाला गेला आणि ती बोट परत आलीच नाही. ना प्रेत मिळालं, ना पत्र आलं. एरवी एकमेकांच्या थापांची सालं काढणारे गाडीवाले, पण काका सेंगला बढती देऊ लागला की सगळे आपापल्या घोड्यांचे नाल तपासायला लागत.

काकाची बायको बुआचुम मात्र असलं काही बोलत नसे. गावची समजूत अशी, की मेलेली माणसं भाद्रपदाच्या पौर्णिमेला यमलोकातून सुटून येतात आणि विहाराच्या दाराशी थांबतात. आपल्या नावाची चिठ्ठी घातलेलं ताट आलं, भंतेंनी नाव वाचलं, की जेवतात. ज्याचं नाव कुणी घेत नाही तो उपाशी परततो. ती दर वर्षी आईवडिलांची आणि सासूसासऱ्यांची अशी चार ताटं करायची. एकदा काकाने हळूच पाचवं ताट काढलं, तर तिने ते हातातून हिसकावून घेतलं.

"जित्या माणसाला मेलेल्यांचं ताट वाढता? बाप आहात की वैरी?"

"अगं, पण गेला असेल तर? इतकी वर्षं दाराशी उभा असेल. उपाशी."

"आणि जिवंत असेल तर? मग त्याला तुम्हीच मारलंत."

काकाने चारच ताटं उचलली. त्याचंही खरं होतं आणि तिचंही. या वर्षी चैत्रात बुआचुम गेली. जाताना तिने त्याचा हात धरून एवढंच म्हटलं, "सेंगची चिठ्ठी नाही हं." काकाने मान डोलावली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी तळावर एक बाई उतरल्या. ओराफिनबाई, त्रांग गावच्या निवृत्त शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी तीन दिवस काकाच्याच गाडीतून फिरल्या होत्या, एकेका विहारापाशी वही उघडून चित्रं काढत बसल्या होत्या.

"दादा, ओळखलंत का? म्हटलं, पुन्हा एकदा तुमच्या गावची झोप अनुभवावी."

काका खुलला. घोडी मखामसुद्धा कान हलवत निघाली. जरा पुढे गेल्यावर बाईंनी पिशवीतून पुडकं काढलं. "नात तीन वर्षांची झाली असेल ना? मागे म्हणालात, वर्षाची आहे. माप अंदाजाने घेतलंय हं. मला स्वतःचं मूलबाळ नाही, पण शिवायला येतं."

पिवळा झगा होता. खिशावर कोंबडा भरलेला, इथल्या वाडग्यांवर रंगवतात तसा. टाके बारीक, एकसारखे.

"आणि नाव काय हो तिचं? तेव्हा विचारायचंच राहिलं."

रस्त्याकडेला एक बाई कलिंगडाच्या रसात कालवलेल्या भाताच्या चकत्या तळत होती. गावात त्यांना खाओतान म्हणतात.

"खाओतान," काका म्हणाला.

"अगोबाई, किती गोड! आजोबांकडे येते की नाही?"

खरं सांगून टाकावं, असं अगदी ओठापर्यंत आलं. पण कोंबड्याच्या तुऱ्यावर बाईंनी किती रात्री डोळे शिणवले असतील, हे दिसत होतं. पूल आला होता. मखाम सवयीने थांबली.

"उद्या येतात," काका म्हणाला. "बापलेक दोघं."

आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर कळलं. उद्या तर पौर्णिमा. बाई मात्र हरखल्या. "मग जेवणाचा बेत झकास करा. सेंगला काय आवडतं?"

"शेवया. डुकराच्या बरगड्यांच्या रश्श्यातल्या."

"भरपूर करा. बाहेर राहणाऱ्या पोरांचं पोट घरच्या जेवणाशिवाय भरत नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत काकाने चूल पेटवली. शेवयांचा रस्सा त्याला नीट जमला नाही. तो बुआचुमच्या हातचा पदार्थ. विहारात म्हातारे भंते चिठ्ठ्या घेऊन बसले होते. चार जुनी नावं झाली. मग बुआचुमचं लिहिलं.

"अजून कुणी?" दर वर्षी विचारायचे तसंच त्यांनी विचारलं.

काका बराच वेळ ताटाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"सेंग," तो म्हणाला.

भंतेंनी वर न बघता लिहिलं.

"तिला वचन दिलं होतं, भंते. रागावेल."

"रागावू दे. पोरगा जेवताना दिसला की विसरेल."

मग काकाने बगलेतलं पुडकं सहाव्या ताटाशेजारी ठेवलं. पिवळा झगा बघून भंते थांबले.

"हे माझ्या नातीचं. तिचीही चिठ्ठी लिहा. खाओतान. वय तीन."

भंते सेंगला तो रांगत होता तेव्हापासून ओळखत होते. "ताखाम," ते हळू आवाजात म्हणाले, "अशी कुणी मुलगी नाही रे."

"माहीत आहे, भंते," काका म्हणाला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत रडला. "पण बाप गेला, आजी गेली. आता त्या पोरीला मी कुणाकडे ठेवू?"