कळा थांबल्यावरचा चहा

सोलापुरात बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर त्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. आत माझी लेक कळा देत होती आणि मी उन्हानं, जागरणानं पार पिचून गेले होते. बाई सांगोल्याकडच्या. चहाचा कागदी कप दोन्ही तळव्यांत धरलेला, पण ओठाला लावत नव्हत्या. मध्येच पदरानं कपाची कड पुसायच्या आणि पुन्हा तशाच बसायच्या.

"घ्या की, गार झाला," मी म्हटलं.

"घशाखाली जात न्हाय," त्या म्हणाल्या, आणि आपणहून सांगू लागल्या. सुनेचं पहिलं बाळंतपण सिझरचं. या खेपेला घरी थांबू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण कळा सुरू झाल्यावर घरच्यांना वाटलं, थोडी कळ काढली तर पोर नॉर्मल मोकळी होईल. मग एकाएकी कळा थांबल्या.

"आमी म्हणलं, इसावा मिळाला पोरीला. म्या चा टाकला. तिला बी दिला. आन् आत जुन्या टाक्यापाशी पिशवी फाटली हुती."

इथं आणल्यावर रक्त चढवलं, ऑपरेशन करून गर्भाची पिशवी काढली. सून वाचली. बाळ गेलं.

देवाची मर्जी वगैरे म्हणायचा मला कंटाळा आला होता. तेवढ्यात आतून माझी लेक किंचाळली. मी कानांवर हात दाबले.

बाईंनी कप खाली ठेवला आणि माझे हात ओढून काढले.

"ऐका की," त्या म्हणाल्या. "वरडतीया तवर बरं हाय."