रहेमतबीची वाळू आणि आमची खारट कॉफी

शेठनी पहिला घोट घेतला आणि तसाच जिनिंगच्या अंगणात थुंकला.

"बी.एस्सी., यात मीठ कोणी टाकलं?"

मी कप घेतला, चाखला. खरंच खारट होती. वरणात चुकून दोनदा मीठ पडावं तशी.

"परवा दुपारच्या गाडीनं रेल्वेचे इन्स्पेक्टर येऊन राह्यले," शेठ म्हणाले. "त्यांना हेच पाजायचं का?"

हे इन्स्पेक्टर कॉफी चाखणार आणि जालना स्टेशनवरच्या उपाहारगृहाचा ठेका शेठला द्यायचा की नाही ते ठरवणार. त्या ठेक्यावर माझी नोकरी अडकलेली. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचं काम. ते दसऱ्यानंतर सुरू होतं आणि उन्हाळ्यात संपतं. मी तिथला बॉयलर सांभाळायचो. हंगाम संपला की बॉयलर थंड आणि माणसं घरी. फूलचंदशेठनी मला साफ सांगितलं होतं, "कॉफीचं मशीन बराबर चाललं तर तुम्ही बारमाही. न्हाई चाललं तर दसऱ्याला भेटू."

मी टेंभुर्णीचा. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी चौथीपुढं गेलं नव्हतं. मी हैदराबादला जाऊन उर्दूतून सायन्स शिकलो आणि बी.एस्सी. झालो. प्रेशरला मी अजूनही मनात दबावच म्हणतो. असा माणूस चार महिने पारावर बसला असता तर गावानं माझ्या बापाला विचारलं असतं, "काय पाटील, पोरगं शिकून आलं का शिकून वाया गेलं?" ते मला ऐकून घ्यायचं नव्हतं.

आता मशीनचं सांगतो. दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर मुंबईतलं एक हॉटेल बंद पडलं. शेठ तिथं रुईच्या सौद्याला गेल्ते. येताना हे मशीन घेऊन आले. छातीएवढं उंच पितळी नळकांडं, त्याला वर घुमट, बाजूला दोन दांडे, समोर दबाव दाखवणारा काटा. शेठच्या घरी स्वयंपाक करणारे महाराज. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला हळदकुंकू लावलं.

काम साधं. खाली कोळसा, आत पाणी, वर वाफ. वाफ पाण्याला ढकलते आणि ते पाणी दाबून बसवलेल्या कॉफीच्या भुकटीतून खाली कपात पडतं. अर्ध्या मिनिटात कप भरतो. शहरात आता याला एस्प्रेसो म्हणतात. तेव्हा तो शब्द फक्त मशीनच्या पाटीवर कोरलेला होता आणि आमच्यापैकी कोणाला तो नीट वाचता येत नव्हता.

पहिला कप जळका निघाला. कारण मला लगेच कळलं. बंद भांड्यात दबाव असला की पाणी उघड्या पातेल्यातल्या उकळीपेक्षाही जास्त तापतं. ते थेट भुकटीवर पडलं की ती करपते. मी मशीनच्या बॉयलरपासून कॉफीपर्यंतची तांब्याची नळी दोन हात लांब केली, तिला वेटोळं दिलं आणि त्यावर ओलं बारदान गुंडाळलं. जिनिंगात बारदानाला काय तोटा! पाणी वाटेत जरा निवायला लागलं. करपट वास गेला.

मग दुसरं दुखणं. एक कप घट्ट, एक कप पाणचट. हे मी रुईच्या गाठींवरून ओळखलं. गाठ दाबताना एक कोपरा पोकळ राहिला तर सगळी गाठ तिथून सुटते. भुकटीचंही तेच. पाण्याला पोकळ जागा सापडली की ते तिथूनच पळतं. मी बाभळीच्या लाकडाचा एक ठोकळा बरोबर त्या भांड्याच्या मापाचा करून घेतला आणि भुकटी सारखी दाबायला लागलो. कप एकसारखे यायला लागले.

तरी चव नाही. कारण दाणे महाराज कढईत भाजायचे. वरून कोळसा, आतून कच्चे. मी म्हटलं, हे आपण सायन्सनं करू. थर्मामीटर आणलं, कढईत धरलं. थर्मामीटर कढईतच फुटलं. पारा पडलेले दाणे खड्डा करून पुरावे लागले.

महाराज म्हणाले, "साहेब, भाजायचंच है तर रहेमतबीकडं जा ना. समदं जालना तिच्याकडं भाजून घेतं."

रहेमतबी जालन्यातल्या कादराबादेत भट्टी लावायची. फुटाणे, मुरमुरे, लाह्या. वय साठीच्या पुढं, पुढचे दोन दात गेलेले, हात मात्र भट्टीवर न थांबता चालायचा. मी तिच्यापुढं कच्च्या कॉफीची थैली उघडली.

"ये क्या, हरे चने? चपटे कायकू?"

"खाला, ये काफी है. भूंजके पीते."

"पीने की चीज भूंजते? अजब लोगां!"

तिनं तिरप्या कढईतल्या तापल्या वाळूत दाणे टाकले आणि झारा फिरवायला लागली. मी घड्याळ काढलं.

"घडी रख अंदर," ती म्हणाली. "कान ला."

थोड्या वेळानं दाणे तडतडले, मक्याच्या लाहीसारखे. मी घाईनं म्हटलं, "झाले, काढा!"

"नक्को. अब्बी पेट कच्चा है."

तडतड थांबली. मग नुसता वाळूचा आवाज. ती भट्टीकडं बघतसुद्धा नव्हती, मान वळवून ऐकत होती. मग कुठंतरी एक बारीकसा चिट् आवाज झाला, वाळल्या पाचोळ्यावर चिमणी बसावी एवढा. मला तो ऐकू आला म्हणावं तर खोटं होईल. तिनं एका झटक्यात सगळं चाळणीत ओतलं, वाळू खाली गेली.

"दुसरी बार सब मिलके बोले, तो जले समझ."

चाळणीतला दाणा न् दाणा एका रंगाचा, जुन्या सागाच्या फळीसारखा. जन्मात कॉफी न पाहिलेल्या बाईनं पहिल्याच घाण्यात हे केलं. मी तिथं उकिडवा बसून बघतच राहिलो.

आणि तीच कॉफी खारट निघाली.

माझं डोकं सरळ मशीनच्या बॉयलरकडं गेलं. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. बॉयलरमध्ये पाणी जास्त उसळलं की त्यातले क्षार वाफेबरोबर वर येतात. याला प्रायमिंग म्हणतात. परीक्षेत मी यावर दोन पानं लिहिली होती. मी त्याच सकाळी मशीन खोललं. आतला पांढरा पापुद्रा खरवडला. नळी उपसून धुतली. घाणेवाडीच्या तलावाचं गोडं पाणी पखालीनं आणवलं. दिवस मावळायच्या आत मशीन पुन्हा उभं केलं. शेठ आले, कप घेतला.

तितकीच खारट.

शेठ भरला कप तसाच ठेवून निघून गेले. ते जास्त लागलं. महाराज म्हणाले, "आता नवस तेवढा राह्यला, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेले दाणे, भाजके आणि कच्चे दोन्ही, घेऊन रहेमतबीकडं गेलो. मला सल्ला नको होता. भाजणं थोडं कमी करून बघावं, एवढंच डोक्यात होतं. तिनं विचारलं, कशी झाली? मी सगळं सांगितलं, प्रायमिंगसकट. तिनं एक भाजका दाणा उचलून जिभेवर ठेवला.

"नमक है."

"कहाँ से आया, खाला?"

"रेत में से. खारे फुटाने इसीच रेत में भूंजती ना मैं." मग ती दोन दात नसलेलं तोंड उघडून हसायला लागली. "अरे बेटा, दिनभर मशीन खोलके बैठा, एक दाना चाटके नई देखा?"

मी एक दाणा उचलून चाटला. खारटच.

मी स्वतः कुंडलिका नदीवर गेलो, वाळू आणली, सात पाण्यांनी धुतली. दर पाण्याला जिभेवर ठेवून बघितली. तिनं ती कोरडी केली आणि दुपारी नवा घाणा काढला. दाणे रात्रभर परातीत उघडे ठेवले, कारण तिचंच म्हणणं होतं, "गरम फुटाना डब्बे में भरे तो पसीना छूटता. ये भी वैसाच होंगा."

इन्स्पेक्टर अय्यर म्हणून होते. दक्षिणेकडचे, कॉफीवर वाढलेले. त्यांनी आधी कपाचा वास घेतला. मग एक घोट. मग लगेच दुसरा. मी समोरच्या काट्याकडं बघत उभा होतो. कप रिकामा झाला तेव्हा ते म्हणाले, "व्हेरी गुड. दाना किसने भूना?"

"आमच्या बी.एस्सी.नं," शेठ माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले.

हो म्हणणं सोपं होतं. पण भट्टीवर कान कोणाचा होता, ते मला ठाऊक होतं.

"न्हाई साहेब," मी म्हटलं. "कादराबादेतल्या रहेमतबीनं भाजले. मी फक्त वाफ सांभाळली."

शेठचा हात पाठीवरून निघाला. "मंग बारमाही तिलाच ठेवतो. तुमचा काय उपयोग?"

"शेठजी, दाणा तिचा, वाफ माझी, एकावाचून दुसरं चालत न्हाई. तिच्या कामातली चूक मी माझ्या मशीनमध्ये शोधली, तर काय पदरात पडलं ते परवा तुम्ही चाखलं."

शेठनी रिकाम्या कपाकडं बघितलं. मग त्यांना तो खारट घोट आठवला असावा, कारण ते मोठ्यानं हसले. अय्यरसाहेबांनी जाताना एकच अट घातली: दाणे ह्याच भट्टीवर भाजायचे, कॉफीची वाळू वेगळी ठेवायची.

ठेका मिळाला. मी बारमाही झालो. त्या उन्हाळ्यात टेंभुर्णीला गेलो तो दोन दिवसांच्या रजेवर.

रहेमतबीला मी स्टेशनवर बोलावून मशीनचा पहिला कप दिला. तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"इसके वास्ते सात पानी से रेत धोया तू?"

मग उरलेल्यात चार चमचे साखर घालून तिनं कप संपवला.

पुढं मी पुष्कळ बॉयलर उघडले. पण उघडण्याआधी आत काय घातलंय ते चाखून किंवा हुंगून बघितल्याशिवाय पान्याला हात लावला नाही. डिग्री मी पहिल्या वर्गात पास झालो होतो. जिभेचा आणि कानाचा पेपर तिच्यात नव्हता, तो कादराबादेत द्यावा लागला.